टकिला सावर: आधी माप, मग बर्फ

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी घरी चौघं येणार आहेत आणि तू टकिला सावर करायचं म्हणतोयस, तर हे पत्र आधी शांतपणे पूर्ण वाच आणि मगच बाटली उघड. पेय अवघड नाही, पण अंदाजपंचे केलं की हमखास बिघडतं. आमटीत चिंच-गूळ हाताच्या अंदाजानं पडतो आणि जमतो, कारण आमटी उकळेपर्यंत चाखता येते, सुधारता येते. इथे बर्फ पडला की पंधरा सेकंदांत सगळं ठरून जातं.

एका ग्लासाचं माप असं: टकिला 60 मिली, लिंबाचा ताजा रस 20 मिली, साखरपाणी 20 मिली, अंड्याचा पांढरा बलक 15 मिली. तीनास एक, एक. टकिलासाठी पेगचं माप आहेच. बाकीच्यासाठी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं टोपण स्वच्छ धुऊन घे, त्यावर 5, 10, 15 मिलीच्या खुणा असतात. कपानं किंवा बाटलीच्या झाकणानं ओतू नकोस.

टकिला घेताना बाटलीच्या रंगारूपाकडे पाहू नकोस. लेबलावर स्पॅनिशमध्ये ‘100% दे आगावे’ आहे का, ते शोध; आगावे म्हणजे टकिला जिच्यापासून बनते ती वनस्पती. ते नसेल तर त्यातली निम्म्याच्या जवळपास, म्हणजे 49 टक्क्यांपर्यंत साखर निळ्या आगावेची नसून दुसरीकडची असू शकते. नियम तेवढी मुभा देतो. सोनेरी रंगाच्या स्वस्त टकिलामध्ये तो रंग बऱ्याचदा कॅरॅमलचा असतो, पिंपाचा नव्हे. खरी टकिला मेक्सिकोच्या हालिस्को राज्यात आणि आणखी चार राज्यांतल्या मोजक्या भागांतच बनते. 1974 पासून त्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. निळा आगावे तयार व्हायला सहा-सात वर्षं लागतात, मग त्याचा अननसासारखा दिसणारा गड्डा भाजून किंवा वाफवून त्याचा रस आंबवतात. सावरसाठी ब्लांको घे. लाकडात न मुरलेली असल्यामुळे तिची मिरीसारखी, ओल्या गवतासारखी चव लिंबापुढे टिकते. रेपोसादो किमान दोन महिने ओकच्या लाकडात असते, ती जरा मऊ, व्हॅनिलाच्या अंगानं जाणारी, तीही चालेल. आन्येहो मात्र यात घालू नकोस. वर्षभर आणि त्याहून जास्त मुरवलेल्या दारूवर लिंबू पिळणं मला पटत नाही.

गोव्यात मिळणाऱ्या, दख्खनच्या पठारावरच्या घायपातापासून केलेल्या देशी आगावे स्पिरिटबद्दल तू मागे विचारलं होतंस. घायपात त्याच कुळातला, पण जात वेगळी, म्हणून तिला टकिला म्हणता येत नाही. सावर तिचंही चांगलं होतं. फक्त पहिला ग्लास करून बघ आणि मग साखर ठरव.

आता लिंबू. या पेयाचा जीव त्यातच आहे. आपलं कागदी लिंबू आणि मेक्सिकोतलं छोटं लिमोन ही एकच जात, तेव्हा आयात केलेल्या मोठ्या हिरव्या लाइमच्या मागे लागू नकोस. पिवळसर, पातळ सालीचं, हाताला जड लागणारं घे. फ्रिजमधलं असेल तर अर्धा तास बाहेर ठेव, ओट्यावर तळहातानं दाबून गोल फिरव, मग आडवं काप. एका लिंबातून 12 ते 15 मिली रस धर, म्हणजे चौघांना सहा-सात लिंबं लागतील. पिळताना थेंब न् थेंब काढायच्या नादात साल चुरगळलीस की सालीचं तेल आणि पांढऱ्या आवरणाचा कडूपणा उतरतो. ग्लासात मागाहून जिभेवर रेंगाळणारा कडवटपणा बहुतेक वेळा टकिलाचा नसतो, या दाबादाबीचा असतो. रस चार-पाच तासांपेक्षा जास्त आधी काढू नकोस आणि बाटलीबंद रस अजिबात नको.

कागदी लिंबाचा आंबटपणा ऋतूप्रमाणे आणि बागेप्रमाणे बदलतो. म्हणून बर्फाआधी एक चाचणी कर: एक चमचा रस आणि एक चमचा साखरपाणी वाटीत मिसळून त्यात तीन चमचे साधं पाणी घाल आणि चाख. लिंबू सरबत जरा जास्त आंबट झालंय असं वाटलं तर बरोबर, कारण अंड्याचा बलक आंबटपणाची धार बोथट करतो. डोळे मिटत असतील तर साखरपाणी 25 कर. रस कमी करू नकोस, नाहीतर नुसती गोड दारू उरेल.

साखरपाण्याला पाक म्हणू नकोस, नाहीतर सवयीनं एकतारी करशील. 100 ग्रॅम साखर, 100 मिली पाणी, साखर विरघळेपर्यंतच गरम करायचं, उकळी नको. उकळलंस तर पाणी आटतं आणि माप चुकतं. साधारण 160 मिली होतं, म्हणजे आठ ग्लासांचं. पूर्ण गार झाल्यावर वापर. फ्रिजमध्ये दोन आठवडे राहतं, गढूळ दिसलं तर फेकून दे. गूळ नको, तो टकिलाच्या चवीवर बसतो.

पांढरा बलक एका अंड्याचा 30 मिलीच्या आसपास निघतो, म्हणून दोन ग्लासांना एक अंडं. तो चिकट असल्यामुळे टोपणात मोजता येत नाही; आधी काट्यानं हलकेच फोड, मग माप. पिवळ्या बलकाचा एक थेंबही पडला तर ते अंडं आम्लेटला दे. पिवळ्यात स्निग्धता असते आणि ती फेसाला बसूच देत नाही. शेकरला तेलाचा ओशटपणा असला तरी तेच होतं. अंडी ताजी, न तडकलेली, फ्रिजमधली घे. लिंबानं आणि दारूनं कच्च्या अंड्यातले जंतू मरतात यावर विसंबू नकोस, ते खात्रीनं मरत नाहीत. कुणी गरोदर असेल, वयस्कर असेल, आजारपणातून उठलेलं असेल, तर अंडं नाही. आणि शाकाहारी मित्राला न विचारता तर मुळीच नाही.

त्याच्यासाठी चण्याचं पाणी वापर. एक वाटी काबुली चणे रात्रभर भिजव, ते पाणी ओतून दे, ताज्या पाण्यात मीठ-सोडा न घालता कुकरला लाव. चणे त्याच पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये राहू दे. सकाळी गाळून पाणी मंद आचेवर आटव, गार झाल्यावर बलकाइतकं बुळबुळीत झालं पाहिजे. एका ग्लासाला 20 ते 25 मिली. फेस छान येतो, चण्याचा वास लिंबाखाली दबतो. चण्यांची उसळ कर.

आता हलवणं. आधी ग्लास पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेव. मग शेकरमध्ये चारही वस्तू घाल, बर्फाशिवाय, आणि लगेच हलव; बलक लिंबात नुसता पडून राहिला तर त्याच्या गुठळ्या होतात. पंधरा सेकंद, जोरात, आणि झाकण एका हातानं दाबून धरून. बर्फ असला की गारव्यानं आतली हवा आकसून झाकण घट्ट बसतं. इथे ते होत नाही, उलट फेस झाकण वर ढकलतो. या कोरड्या हलवण्यात बलकातली प्रथिनं उलगडून हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळं धरतात. शेकर नसेल तर जिममध्ये नेतोस ती स्प्रिंगवाली बाटली या टप्प्याला उत्तम, फक्त तिला प्रोटीन पावडरचा वास नको.

मग झाकण उघडून सात-आठ मोठे खडे बर्फ घाल. ट्रेमधून तेव्हाच काढलेला, कोरडा बर्फ हवा. भांड्यात पाणी सुटलेला बर्फ घातलास की गार व्हायच्या आधीच पेय पातळ होतं. चुरलेला बर्फही त्याच कारणानं नको. फ्रीझरमध्ये आलं-लसूण पेस्ट असेल तर बर्फ आदल्या दिवशी झाकलेल्या ट्रेमध्ये नव्यानं लाव, तो वास बर्फ शोषतो. आता बारा ते पंधरा सेकंद हलव, स्टीलचा शेकर हाताला बोचेल इतका गार होईपर्यंत. यात 40-50 मिली पाणी उतरतं आणि ते हवंच असतं. त्याच्याशिवाय पेय घशाला जाळतं. शेकरच्या जाळीखाली चहाची गाळणी धरून ओत, म्हणजे बर्फाचे कण आणि बलकाच्या गाठी अडकतील. गाळणी नवी घे, जुनीला चहा-वेलदोड्याचा वास असतोच.

अर्धा मिनिट थांब, फेस बोटभर जाड होऊन वर बसतो. त्यावर ॲंगोस्टुरा बिटर्सचे, म्हणजे मसाल्यांच्या कडवट अर्काचे, दोन-तीन थेंब. शोभा दुय्यम, पेय जरा कोमट होऊ लागलं की अंड्याचा वशाट वास नाकाशी येतो, तो हे थेंब झाकतात. बिटर्स नसेल तर लिंबाच्या सालीचा तुकडा फेसावर धरून चिमटीत दाब, तेलाचा फवारा तेच काम करतो. ग्लासाच्या कडेला मीठ लावू नकोस, ती मार्गारीटाची रीत, आणि तिच्यात साखरपाण्याऐवजी संत्र्याची लिक्युअर असते.

चौघांसाठी 240 मिली टकिला, 80 मिली रस आणि 80 मिली साखरपाणी आधीच एका बाटलीत मिसळून फ्रिजमध्ये ठेव. दर दोन ग्लासांना त्यातलं 200 मिली आणि एका अंड्याचा पांढरा बलक. 700 मिलीच्या शेकरमध्ये दोनच ग्लास कर, चार कोंबलेस तर आत हलायला जागाच उरत नाही आणि फेस चहावरच्या सायीसारखा राहतो.

महाराष्ट्रात अशा दारूसाठी वयाची अट 25 आहे आणि परवाना लागतो, तेव्हा येणाऱ्यांमध्ये कुणी लहान असेल तर त्याच्यासाठी याच मापानं लिंबू, साखरपाणी, सोडा. एका ग्लासात 19 ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल जातं, म्हणजे चव सरबताची असली तरी तो पुरा मोठा पेग आहे. पोटात काही असल्याशिवाय पहिला ग्लास देऊ नकोस. थालीपीठ, भाजलेले शेंगदाणे, काहीही. रक्तात 100 मिलीमागे 30 मिलिग्रॅम ही गाडी चालवण्याची मर्यादा एका ग्लासानंही ओलांडली जाऊ शकते. चाव्या दाराशीच गोळा कर आणि परतीच्या रिक्षा आधी ठरव, किंवा सगळ्यांना झोपायला गाद्या घाल.

शेकर आणि गाळणी तिथल्या तिथे गार पाण्यानं विसळ. गरम पाणी आधी घातलंस तर बलक शिजून जाळीला चिकटतो आणि मग तो वास आठवडाभर जात नाही.

तुझी,
आई