मदनगडाच्या कातळावर माझी हजेरी घेणाऱ्या काकांना

काका,

साष्टांग नमस्कार. तसा तो मी मदनगडाच्या कातळाला कवटाळून त्या दिवशीच घातला होता, पण तेव्हा तो तुम्हाला नव्हता, म्हणून आज पुन्हा.

तुमचं नाव मला माहीत नाही. तुमच्या ग्रुपमधले सगळेच तुम्हाला काका म्हणत होते, तुमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठे दिसणारे एक गृहस्थसुद्धा. तेव्हा खूण सांगते. मागच्या जानेवारीतला शनिवार, मदनगडाचा कातळटप्पा, उन्हात विटलेली तुमची टोपी, आणि मधोमध चिकटून बसलेली निळ्या टी-शर्टातली एक शाळाशिक्षिका. ती मी. आता ओळख पटली असेल, कारण तुमच्या मागे रांगेत उभे असलेले सगळे त्या शिक्षिकेला विसरले असतील असं मला वाटत नाही. अर्धा तास खोळंबले होते बिचारे.

आमच्या शाळेतल्या चौघी आणि एकीचा भाऊ असे आम्ही एका ओळखीच्या ग्रुपबरोबर आलो होतो. शेवटची कसारा लोकल, पुढे जीप, आंबेवाडीत पहाटेचा चहा, सगळं अगदी रीतसर. माझे त्याआधी राजमाची, लोहगड, दोनदा कळसूबाई असे ट्रेक झालेले. कळसूबाई महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, 1646 मीटर, ते दोनदा केलं म्हणजे आपल्याला जमतं सगळं, अशी माझी समजूत. पण कळसूबाईला अवघड ठिकाणी लोखंडी शिड्या आहेत, हे मी हिशेबातच धरलं नव्हतं.

अलंग आणि मदन या शेजारशेजारच्या गडांमधल्या खिंडीत पोचेपर्यंत सगळ्यांची बडबड चालू होती. घसाऱ्यावरून आडवा ट्रॅव्हर्स मारून कोरीव पायऱ्या चढलो, आणि त्या पायऱ्या एकदम संपल्या. वर पुन्हा पायऱ्या दिसतात, मधे 40-50 फूट नुसता उभा कातळ. तिथे बसून तुम्ही तुमच्या पोरांना सांगत होता, "1818 साली इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या पायऱ्या. पुन्हा कोणी गड लढवू नये म्हणून. तेव्हा शिव्या घालायच्या तर त्यांना घाला, लीडरला नको." मी तेव्हा हसले होते. इतिहास सातवीला मीच शिकवते, पण पायऱ्या उडवल्या म्हणजे नेमकं काय झालं, ते पायाखाली पायरी नसताना कळलं.

रांगेत थांबलो असताना तुमची ती मैफल ऐकण्यासारखी होती. तुमच्यातल्या एका मुलाने सॅकमधून अख्खा कुकर काढला, खिचडीसाठी. तुम्ही म्हणालात, "कुकर आणलास, आणि शिट्टी?" तो बावळटासारखा कुकरची शिट्टी दाखवायला लागला, आणि तुम्ही स्वतःच्या गळ्यातली प्लास्टिकची शिट्टी वर धरलीत. हरवलं किंवा पाय मोडला तर ओरडून घसा बसतो, शिट्टी बसत नाही. मिनिटाला सहा फुंका, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. डोंगरात याचा अर्थ 'मदत हवी' असा होतो. काका, तेव्हापासून माझ्या सॅकला शिट्टी आहे. आमच्या खेळाच्या सरांची एक कमी झाली आहे.

कोणीतरी विचारलं, अजून किती वेळ? वरून उत्तर आलं, पंधरा मिनिटं. तुम्ही लगेच, "घड्याळातली की सह्याद्रीतली?"

मग तुमची नजर माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता आपली फिरकी. पण तुम्ही एवढंच म्हणालात, "ताई, हेल्मेट कुठाय?" आमच्याकडे हेल्मेटं कमी होती. कोणाची चूक ते इथे काढत बसत नाही, मीही निघताना विचारलं नव्हतं. तुम्ही तुमच्या पोराचं वरून खाली मागवून मला दिलंत. वेणी टी-शर्टच्या आत घालायला लावलीत, कारण रॅपलिंग करताना, म्हणजे दोरीवरून उतरताना, केस डिसेंडरमध्ये, म्हणजे दोरी अडवणाऱ्या कडीत, गेले तर माणूस अधांतरी अडकतो आणि मग सुटका करणं फार अवघड. बोटातली अंगठी काढायला लावलीत. ती निघेना, तर सनस्क्रीन लावून काढली. त्यावरही तुम्ही विचारलंत, वासाचं आहे का? आग्या मोहोळ कड्याला लटकलेलं असतं, त्याला तुमची अत्तरं आवडत नाहीत, आणि तुमचे ते स्पीकर तर मुळीच नाहीत. हे शेवटचं वाक्य आमच्या मैत्रिणीच्या भावाकडे बघून होतं. त्याने गाणी बंद केली. त्याबद्दल वेगळे आभार, आम्हाला आंबेवाडीपासून ते जमलं नव्हतं.

आणि माझा पाय दोरीवर पडला तेव्हा! तुम्ही ओरडाल असं वाटलं. तुम्ही विचारलंत, "पुस्तकाला पाय लागला तर काय करतेस?" मी नकळत वाकून दोरीला हात लावून नमस्कार केला आणि सगळे हसले. मग कारण सांगितलंत. बुटाखालची वाळू दोरीच्या आत शिरते आणि आतले धागे कापत राहते, वरून काही दिसत नाही. यंदा वर्गात दोरीउड्यांच्या दोरीवर पाय दिला तरी माझी मुलं नमस्कार करतात. त्यामागचं कारण मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आता मूळ मुद्दा.

मी साधारण अर्ध्यात पोचले होते. आमचा लीडर वरून बिले देत होता, म्हणजे माझी दोरी सांभाळत होता, पण मधल्या फुगवट्यामुळे त्याला मी दिसत नव्हते. उजव्या हाताला एक चांगली खाच होती, ती सोडून वर हात टाकायचा होता. हात सुटेना. मग डाव्या पायाचं शिलाई मशीन सुरू झालं. आधी बोटांशी थरथर, मग गुडघ्यापर्यंत, मग असं वाटायला लागलं की आख्खा कातळच हलतोय. खालून "अगं टाक ना हात, आहे तिथे होल्ड!" असं चौघं चार बाजूंनी सांगत होते, त्यातला एकही होल्ड मला दिसत नव्हता. वरून "टाइट करू का?" हे ऐकू येत होतं, पण उत्तर द्यायला तोंड उघडेना. खाली बघितलं. बघायला नको होतं. त्या टप्प्याच्या खालीही डोंगर संपत नाही, दरी तिथून पुढे सुरू होते.

तुम्ही तुमच्या ग्रुपच्या बाजूच्या दोरीवर प्रुसिकची गाठ टाकून कधी वर आलात, मला कळलंच नाही. डावीकडून आवाज आला, अगदी बसस्टॉपवर भेटल्यासारखा.

"काय शिकवता?"

मी काहीतरी पुटपुटले. सातवी. वर्गशिक्षिका.

"अरे वा, बाई! मग हजेरी घ्या. रोल नंबर एक?"

काका, खरं सांगते, मला तुमचा भयंकर राग आला. मी मरतेय आणि या माणसाला विनोद सुचतायत. पण अठरा वर्षांची सवय, तोंडातून उत्तर गेलंच, "एक हजर." "कसा आहे पोरगा?" "उशिरा येतो रोज." "त्याला म्हणावं टाच खाली टाक. दोन?" आणि मी टाच खाली टाकली. चवड्यावर उभं राहून पोटऱ्या आवळल्या की मशीन सुरू होतं, टाच खाली आली की वजन हाडांवर जातं आणि ते थांबतं, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी फक्त दोन नंबरची मुलगी आठवत होती, जी फार बोलते.

तीन नंबर गैरहजर, गावी गेलाय. चार नंबरला तुम्ही तुमच्या कमरेची नारिंगी दोरी सोडलीत, माझ्या शेजारच्या दोरीवर तीन वेढे घातलेत आणि खाली फास सोडलात. "चार नंबरचा पाय यात." मी पाय घातला, उभी राहिले, आणि पहिल्यांदा हातांवरचं वजन गेलं. बोटं पांढरी पडली होती. एकेक हात झटकायला लावलात. पाच, सहा, सात. आठ नंबरचं अक्षर फार सुंदर आहे, हे मी तुम्हाला सविस्तर सांगितलं म्हणे. अकराला माझा हात त्या वरच्या होल्डवर होता. चौदाला वरच्या पायऱ्यांची कड. तुम्ही खालून म्हणालात, "उरलेली हजेरी उतरताना."

वर्गात बेचाळीस मुलं आहेत. वर पोचल्यावर सगळ्यांनी मला हेच विचारलं, मधली सुट्टी कधी झाली?

उतरताना खरंच घेतलीत. "खुर्चीत बसतेस तसं बस दोरीला. पाय खांद्याइतके लांब, आख्खा तळवा कातळाला. उजवा हात काय वाट्टेल ते झालं तरी सोडायचा नाही, नाकाला खाज आली तरी." नाकाला खाज आली. पंधरा ते बेचाळीस, सगळे हजर.

तुमची माणसं पुढे शेजारच्या कुलंग गडाच्या वाटेला लागली आणि आम्ही खाली आलो. आभार मानायचं राहून गेलं. प्रामाणिकपणे सांगायचं तर तेव्हा मानावेसेही वाटले नव्हते. वाटत होतं, या काकांनी चारचौघांत माझी छान करमणूक करून घेतली. घरी नवऱ्याला सांगितलं तेही असंच, की एक गमत्या म्हातारा भेटला होता. म्हाताऱ्याबद्दल माफी.

मत बदललं ते हरिहर गडावर, या डिसेंबरात. निरगुडपाड्याकडून गेलो होतो. त्या उभ्या दगडी पायऱ्या, दोन्ही बाजूंना हात घालायला खोबण्या, आणि रविवारची गर्दी. उतरताना कातळाकडे तोंड करून शिडी उतरल्यासारखं उतरायचं, हे एका कॉलेजच्या मुलीला कोणी सांगितलंच नव्हतं. ती दरीकडे तोंड करून दोन पायऱ्या उतरली आणि मटकन बसली. रडायला लागली. वरून गर्दी, खालून गर्दी, सगळे तिला समजावतायत: घाबरू नकोस, घाबरू नकोस. घाबरू नकोस म्हटल्यावर कोण घाबरायचं थांबलंय?

मी तिच्या एक पायरी खाली गेले. तोंडून काय निघालं माहितीये? "कुठून आलीस? लोकलने? कसाऱ्यापासून स्टेशनं सांग."

तिने माझ्याकडे अशा रागाने बघितलं की मला तुम्ही आठवलात. मग म्हणाली, उंबरमाळी. मी म्हटलं, आधी वळ, कातळाकडे तोंड. खर्डी, डावा पाय खाली. आटगाव, उजवा हात खोबणीत. मी म्हटलं, थानशीत विसरलीस, परत मागे जायला लावीन. ती हसली. आसनगावला पाय थरथरायला लागला, टाच खाली टाक म्हटलं. वाशिंद, खडवली, टिटवाळा. मी सगळा वेळ थट्टेच्या सुरात बोलत होते आणि काका, माझी पाठ घामाने चिंब भिजली होती. प्रत्येक स्टेशनाला मी तिचा पाय बघत होते, तिचा श्वास ऐकत होते, पुढचं वाक्य काय टाकायचं ते जुळवत होते. शहाडपर्यंत पायऱ्या संपल्या. मी खाली बसले ती दहा मिनिटं उठलेच नाही.

तेव्हा समजलं, मदनवर तुम्ही किती कष्टाने विनोद करत होता. आणि मागची पोरंही का हसत होती. तुम्ही त्यांना तसं बजावलं असणार, कोणी गंभीर चेहरा करायचा नाही म्हणून. हा माझा अंदाज आहे. भेटलात तर विचारीन.

ती नारिंगी दोरी माझ्याकडेच राहिली. कमरेच्या हार्नेसला अडकवून खाली आले आणि बसमध्ये लक्षात आलं. स्टाफरूमच्या खिडकीच्या गजाला आडवी दोरी बांधून मी तिच्यावर प्रुसिक शिकले, ऑफ तासाला. शिपाईमामांना वाटलं, पडदा लावतेय. वजन टाकलं की गाठ घट्ट धरते, वजन काढलं की सरकते, हे इतकं साधं बघायला पाचवीची मुलंसुद्धा येऊन गेली. वापरून ती आता मऊ पडली आहे, एक टोक उसवलं होतं ते मेणबत्तीवर वितळवून बंद केलं, पण अशा दोरीवर जीव टाकायचा नसतो एवढं आता मलाही कळतं.

म्हणून नवी घेऊन ठेवली आहे. सहा मिलीचीच, तशीच नारिंगी. पुढच्या जानेवारीत आम्ही पुन्हा आंबेवाडीला आहोत, हेल्मेटं मोजून. तुम्ही त्या बाजूला असाल तर नवी घेऊन जा. जुनी मागू नका, ती मी देणार नाही.

तुमची,
सातवीच्या बाई