एड्झेलच्या बागेतले सात ग्रह

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

फोनवर अर्धवट राहिलेलं एड्झेलचं वर्णन आता निवांत लिहितो. हे गाव स्कॉटलंडच्या अँगस भागात, ब्रेकिनच्या उत्तरेला आहे. इथला किल्ला म्हणजे डोंगर, माची, बुरूज असं काही मनात आणू नकोस. सपाट जमिनीवर लिंडसे घराण्याचा लाल दगडी वाडाच म्हण ना. आता त्याच्यावर छप्पर उरलेलं नाही. १५६२ मध्ये स्कॉटलंडची राणी मेरी इथे येऊन गेली. पण मी रमलो तो बागेत.

सर डेव्हिड लिंडसेनं ती १६०४ मध्ये करवून घेतली. तीन बाजूंना उंच भिंती, चौथीकडे किल्ला. आणि पूर्वेच्या भिंतीवर, मंदार, ओळीनं सात ग्रह कोरलेत! चिलखत घातलेला मंगळ पाहून मी जागीच थबकलो. मग बुध, गुरू, शुक्र, शनी आणि चंद्र-सूर्यही सापडले. राहू-केतू तेवढे नाहीत, पण आपले सातही वार हजर. लहानपणी आजीचं बोट धरून नवग्रहांना प्रदक्षिणा घालायचो, ते आठवून गळा दाटून आला. ही चित्रं जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या छापील चित्रांवरून घेतलेली. दक्षिणेच्या भिंतीवर व्याकरण, अंकगणित, संगीत, भूमिती अशा विद्या स्त्रीरूपात आहेत, तर पश्चिमेला श्रद्धा, आशा, न्याय वगैरे सद्गुण. फुलं बघत फिरावं आणि फिरता फिरता शिकावं, असा बेत कोणी केलेला मी तरी कधी पाहिला नव्हता.

हा लिंडसे न्यायाधीश होता, व्यासंगी होता. १६१० मध्ये गेला, तेव्हा डोक्यावर कर्जाचा डोंगर होता आणि वाड्याचं काम अपुरं. त्याच्याबद्दल मला फार वाईट वाटलं.

मधली झाडं मात्र त्याच्या काळची नाहीत. आजची लागवड १९३० च्या दशकातली. कातरलेल्या बुटक्या झुडपांतून घराण्याचं लॅटिन ब्रीद लिहिलंय: श्वास आहे तोवर आशा आहे. जुनं नाही म्हणून कुणी नाक मुरडेल, मला ते मनापासून आवडलं. त्या माणसाला ते शोभतं.

सातही ग्रहांचे फोटो वेगळे पाठवतोय. तू मूर्तिशास्त्र शिकलायस, तेव्हा प्रत्येकाच्या हातातली आयुधं नीट बघ आणि आपल्या मूर्तींशी काय जुळतं ते सविस्तर लिही. वाट बघतोय.

काकूंना नमस्कार.

तुझा,
नितीन