डावीकडे तोंड करून उभे राहिल्याने स्लाइस जात नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोल्फ शिकणाऱ्या मुलांसाठी ड्रायव्हरच्या, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या क्लबच्या (गोल्फच्या काठीच्या), फटक्याविषयी आपल्या क्रीडा पानावर नुकत्याच काही सूचना आल्या. गावाकडच्या वाचकांपुढे हा खेळ आणलात याचा आनंद आहे. पण त्यातल्या तीन सूचनांनी मुलांचा दोष जाण्याऐवजी पक्का होईल: चेंडू उजवीकडे वळत असेल तर डावीकडे तोंड करून उभे राहा, डोके शेवटपर्यंत खाली ठेवा, आणि जोर कमी करा. म्हणून हे पत्र. सगळे उजव्या हाताने खेळणाऱ्याला धरून लिहिले आहे, डावखुऱ्यांनी बाजू उलट समजावी.

चेंडू हवेत उजवीकडे वळत जातो त्याला स्लाइस म्हणतात आणि नवशिक्यांमध्ये हाच दोष सर्वांत जास्त आढळतो. चेंडू कोणत्या दिशेने निघतो हे मुख्यतः क्लबचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, ठरवते. ड्रायव्हरच्या बाबतीत ८० टक्क्यांहून जास्त वाटा फेसचा असतो. पुढे तो कुठे वळतो हे मात्र फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकावर ठरते. मार्ग डावीकडे, फेस त्यापेक्षा उजवीकडे उघडा, की चेंडू उजवीकडे वळणारच. आता मुलाला डावीकडे तोंड करून उभे केले, तर त्याचे खांदे उघडतात आणि क्लब आणखी बाहेरून आत, म्हणजे चेंडूच्या पलीकडच्या बाजूने स्वतःकडे ओढला जातो. मार्ग आणखी डावीकडे गेला, फेस तिथेच राहिला, फरक वाढला. आठवडाभरात स्लाइस पहिल्यापेक्षा मोठा होतो आणि मूल आणखी डावीकडे वळून उभे राहते.

काही बदलण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, चेंडू निघतो कुठे. डावीकडे निघून उजवीकडे वळत असेल तर दोष मुख्यतः मार्गाचा आहे. उजवीकडेच निघून आणखी उजवीकडे जात असेल तर आधी पकड तपासावी. दुसरी, चेंडू फेसवर लागतो कुठे. फेसवर खडू घासा किंवा टाल्कम पावडरचा पातळ थर द्या, फटक्यानंतर चेंडूचा गोल ठसा स्पष्ट उमटतो. ड्रायव्हरचे डोके मोठे आणि पोकळ असते. चेंडू मध्यापासून लांब लागला की ते किंचित फिरते आणि एकात एक अडकलेल्या दातेरी चाकांसारखी चेंडूला उलटी फिरकी मिळते. टोकाकडे लागलेला चेंडू डावीकडे वळू पाहतो, टाचेकडे म्हणजे दांड्याच्या बाजूला लागलेला उजवीकडे. ठसे सारखे टाचेकडे पडत असतील तर स्विंग (क्लब मागे नेऊन फिरवण्याची क्रिया) बऱ्यापैकी असूनही स्लाइस होतो. अशा मुलाची पकड बदलून उपयोग नाही.

ठसा टाचेकडे येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे खाली येताना कंबर चेंडूच्या दिशेने पुढे ढकलली जाणे. उपाय साधा आहे. मागे खुर्ची ठेवून तिला बूड टेकवून उभे राहावे. क्लब मागे नेताना उजवी बाजू टेकलेली राहावी, खाली येताना डावी बाजू टेकावी. आधी चेंडू न ठेवता सावकाश वीस वेळा. नंतर जमिनीत दोन टी (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या) साधारण १५ सेंमी अंतरावर रोवून त्यांना न लावता मधून क्लब काढावा. ड्रायव्हरच्या डोक्याची रुंदी १२ सेंमीच्या आसपास असते, त्यामुळे दोन्हीकडे बोटभर जागा उरते आणि चूक लगेच कळते.

आता पकड. आपली पोरं क्रिकेटमधून येतात. बॅट धरताना अंगठा आणि तर्जनीमधला इंग्रजी व्ही बॅटच्या पाठीच्या रेषेत ठेवायची सवय असते. तोच हात ड्रायव्हरवर बसला की डाव्या हाताचा अंगठा दांड्यावर सरळ येतो, वरून एकच पेर (बोटाच्या मुळाशी असलेला उंचवटा) दिसते आणि फटक्याच्या क्षणी फेस उघडा राहतो. ग्रिप (दांड्याची धरायची मूठ) तळहातात न घेता बोटांत घ्यावी, करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या सांध्यापर्यंत तिरपी. वरून पाहिल्यावर डाव्या हाताची दोन ते अडीच पेरे दिसावीत आणि दोन्ही हातांचे व्ही उजव्या खांद्याकडे रोखलेले असावेत. साडेतीन-चार पेरे दिसली तर उलट घडते, फेस मिटतो आणि चेंडू डावीकडे हुक होतो. आवळ किती? बैल हाकताना कासरा धरतात तेवढी: सुटू नये, पण दंडही ताठू नये. गुळगुळीत झालेल्या ग्रिपवर मूल नकळत मूठ आवळते. ग्रिप साबणाच्या पाण्याने धुवावी, वाळल्यावर सँडपेपरचा हलका हात फिरवावा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घामाने हात निसटतात म्हणून सराव सकाळी आठच्या आत उरकावा, आणि जवळ कोरडे फडके ठेवावे.

मार्गाचा दोषही क्रिकेटमधूनच येतो. मिडविकेटवरून उचलून मारताना उजवा खांदा आणि उजवा हात वरून पुढे येतात. ड्रायव्हरला हाच फटका मारला की क्लब बाहेरून आत कापत येतो. वरून खाली येण्याची सुरुवात खांद्याने न होता पायाने व्हायला हवी. हात वरच असताना भार डाव्या पायावर यावा, पाठ आणखी क्षणभर लक्ष्याकडे राहावी, आणि मग हात खाली यावेत. हे सांगून कळत नाही, अडथळा ठेवून कळते. साबणाचे किंवा चपलांचे रिकामे खोके चेंडूच्या एक वीत मागे आणि लक्ष्यरेषेच्या पलीकडे चार बोटे सोडून ठेवावे. क्लब बाहेरून आला की खोके उडते. दुसरा सराव असा: उजवा पाय २० ते २५ सेंमी मागे ओढून अर्धा स्विंग करावा. तशा उभे राहण्याने क्लबला आतून यायला वाट मिळते. असे दहा चेंडू मारून मग पाय जागेवर आणावा. दिशा दाखवायला बाजारातली काठी लागत नाही, वाळलेली सरळ पऱ्हाटी सोलून जमिनीवर ठेवली तरी पुरते. एक चेंडूच्या पलीकडे लक्ष्याकडे रोखलेली, दुसरी पायांच्या टोकांशी तिला समांतर.

टी आणि चेंडूची जागा याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. आयर्नचा, म्हणजे धातूच्या पातळ पात्याच्या क्लबचा, चेंडू जमिनीवर असतो, तो खाली येता येता लागतो. ड्रायव्हरचा चेंडू टीवर असतो, तो क्लब तळ गाठून वर निघताना लागायला हवा. म्हणून चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत ठेवावा, पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद घ्यावेत, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली असावा आणि सदऱ्याची बटणे चेंडूच्या थोडी मागे राहावीत. टी इतकी वर हवी की निम्मा चेंडू, म्हणजे सुमारे २ सेंमी, क्लबच्या माथ्याच्या वर दिसेल. क्लबच्या माथ्यावर ओरखडे पडत असतील आणि चेंडू सरळ आभाळात जात असेल तर मुले टी खाली दाबतात. त्याने ओरखडे थांबतात, पण क्लब आणखी उभा खाली येऊ लागतो, चेंडूला मागच्या बाजूची फिरकी (बॅकस्पिन) जास्त मिळते आणि अंतर घटते. टी तशीच ठेवून चेंडूच्या पुढे फूटभर अंतरावर साबणाची रिकामी डबी ठेवावी. क्लब तिच्यावरून गेला पाहिजे. भेगाळलेल्या काळ्या जमिनीत लाकडी टी मोडते. खिळ्याने भोक पाडून ती रोवावी, नाहीतर रबरी नळीचा ४ सेंमीचा तुकडा उभा ठेवून त्यावर चेंडू बसवावा.

डोके खाली ठेवण्याविषयी. चेंडूच्या माथ्यावर फटका बसला की सगळे म्हणतात, डोके उचललेस. बहुतेकदा आधी गुडघे आणि कंबर वर उठलेली असते, किंवा भार उजव्या पायावरच अडकलेला असतो. डोके त्यांच्या मागून वर येते. डोके जबरीने दाबून धरले तर छाती लक्ष्याकडे फिरत नाही, हातच ओढले जातात आणि कंबरेवर ताण येतो. चेंडू गेल्यावर डोक्याला छातीबरोबर वळू द्यावे. जोर कमी करण्याचेही तसेच आहे. सावकाश मारल्यावर चेंडू कमी लांब जातो म्हणून कमी वळलेला दिसतो, फेस मात्र तेवढाच उघडा असतो. नवी सवय लावताना वेग कमी असावा, पण तो औषध नव्हे.

कधी कधी दोष मुलाचा नसतो, हातातल्या वस्तूचा असतो. नियमाप्रमाणे ड्रायव्हर ४८ इंचांपर्यंत चालतो, आणि २०२२ पासून वरच्या दर्जाच्या स्पर्धांना ४६ इंचांची मर्यादा लावता येते. तरीही बहुतेक व्यावसायिक खेळाडू ४५ इंचांच्या आसपासच राहतात. शहरातून आलेला मोठ्या माणसाचा वापरलेला ड्रायव्हर, ९ अंश लॉफ्टचा (लॉफ्ट म्हणजे फेस मागे झुकलेला कोन) आणि ताठ दांड्याचा, बारा वर्षांच्या मुलाच्या हाती दिला तर त्याला फेस वेळेत मिटवता येतच नाही. तो दांडा कापला तर आणखी ताठ होतो, हे विसरू नये. कापण्याआधी दोन इंच खाली धरून खेळवून पाहावे. मिळाला तर १२ अंश किंवा त्याहून जास्त लॉफ्टचा, लवचीक दांड्याचा ड्रायव्हर घ्यावा. जास्त लॉफ्टने चेंडू बाजूला वळणे कमी होते.

जागेबद्दल सांगितलेच पाहिजे. कापूस-तूर निघाल्यावर वावर रिकामे दिसते, पण धुऱ्यापलीकडे कोणी ना कोणी राबत असते. चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा असला तरी डोक्याला लागला तर जीव घेऊ शकतो. समोर २५० मीटरपर्यंत कोणी नसावे, आणि स्लाइस उजवीकडे जातो म्हणून उजवी बाजू जास्त मोकळी हवी. रस्ता किंवा पायवाट कधीही उजव्या हाताला ठेवू नये. मारणाऱ्याच्या मागे चार मीटरच्या आत कोणी उभे राहू नये. एवढी जागा नसेल तर जाळी बांधावी आणि तिच्या मागे ताडपत्री सैल सोडावी. ताणून बांधलेल्या ताडपत्रीवरून चेंडू तोंडावर परत येतो.

शेवटी एक विनंती. पुढच्या वेळी चित्र छापाल तेव्हा ते खेळाडूच्या समोरून नको, चेंडूच्या मागून लक्ष्याकडे पाहणारे हवे. बाहेरून आत येणारा क्लब फक्त तिथूनच दिसतो. घरी मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांनीही फोन तिथेच ठेवावा: चेंडूच्या तीन मीटर मागे, हातांच्या रेषेत, कंबरेच्या उंचीवर, स्लो मोशन चालू करून.

आपला,
एक गोल्फ प्रशिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ