शिक्षक सभासदांसाठी सूचना : परीक्षेच्या दिवसांतला ताण

सर्वांना नमस्कार.

उत्तरपत्रिका, निकाल आणि पालकसभा एकदमच अंगावर येण्याचे दिवस सुरू झालेत. म्हणून विनंती, की रात्री ८ नंतर या गटावर कामाचे निरोप टाकू नयेत. कोणी टाकलाच, तर उत्तर सकाळी द्यावं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ हा आजार नसून कामाशी निगडित स्थिती आहे, असं स्पष्ट केलं. तिची तीन लक्षणं: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काहीच धड होत नाही असं वाटू लागणं. माझ्या मते दुसऱ्या लक्षणाकडे आपण सगळ्यांत कमी लक्ष देतो. मुलांना जीव लावणारा सहकारी त्यांच्यावर सतत चिडू लागला, तर त्याला दोष देण्याआधी त्याच्यावर किती काम आहे ते पाहा. जमल्यास एखादा तास वाटून घ्या.

तपासणीबद्दल एक सांगावंसं वाटतं. सरावाच्या प्रत्येक वहीतली प्रत्येक चूक दुरुस्त करायलाच हवी असं नाही. एका वेळी एकच मुद्दा तपासा, सर्वांच्या सारख्या चुका फळ्यावर घ्या. (आणि आवाज बसला असेल तर ओरडून शिकवू नका, घशालाही विश्रांती लागते.)

झोप उडाली असेल, शाळेत जायच्या विचाराने धडधडत असेल आणि हे आठवडाभराच्या सुट्टीनंतरही कमी झालं नसेल, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना जरूर भेटा. आधी आपल्यापैकी कोणाशी बोलावंसं वाटलं, तर समन्वयकांना खासगी निरोप पाठवा. तो गटात जाणार नाही.