चित्रात तेच दोन डोंगर किती दिवस?

संपादक महोदय,
शाळांच्या चित्रकला स्पर्धांना विषय ठरलेला, 'निसर्गदृश्य', मग काय, दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली झोपडी, आणि काढणारं पोरगं राहतं ठाण्यात सातव्या मजल्यावर! अहो ह्याच ठाण्यात सुधीर पटवर्धनांनी रेडिओलॉजिस्टची प्रॅक्टिस सांभाळत, १९७५ पासून तीसेक वर्षं, लोकलमधली माणसं, इराणी हॉटेल, रेल्वेचे रूळ असलं रोजचंच रंगवलं आणि केवढे मोठे चित्रकार झाले. आमच्या खालचा इस्त्रीवाला ती कोळशाची जड इस्त्री उचलतो तेव्हा त्याचा एक खांदा कसा वर जातो बघा, झक्कास स्केच होईल (मॉडेल फुकटात!). पुढच्या वेळी 'आमचा नाका' असा विषय ठेवा की, आणि बक्षीस देताना नीटनेटकेपणा जरा कमी बघा.

– एक पालक, ठाणे