आमच्या सुक्या मासळीच्या बाजाराला बोलतं करणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं. पण इन्स्टाग्राम-व्हॉट्सॲपवर सुकी मासळी विकायला तुम्ही केलेली मदत माझ्यापुरती राहू नये, टोपली घेऊन बसणाऱ्या इतर बायांपर्यंतही पोचावी, म्हणून सगळ्यांदेखत लिहितेय. नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, ते पाळलंय.

तुम्ही वेसाव्याला, म्हणजे मुंबईतल्या वर्सोव्याला, आलात त्या आगोटीच्या खरेदीला. मे महिना होता, पावसाळ्याची बेगमी करायला बाजारात रेटारेटी होती. तुम्ही बोंबलाची जुडी हातात घेतलीत आणि भाव विचारायच्या आधी विचारलंत, "हे वाळवले कोणी?" मी म्हटलं, सासूबाईंनी. तुम्ही म्हणालात, मला त्यांना भेटायचंय. इतकी वर्षं माल विकतेय, हे कोणी विचारलं नव्हतं.

आमचं इन्स्टाग्रामचं पान तेव्हाही होतं. भाच्याने हौसेने करून दिलेलं. त्यावर भावफलक असायचे, "उत्तम प्रतीचे सुके बोंबील, घरपोच मिळतील." नातेवाईक लाइक करायचे, गिऱ्हाईक काही यायचं नाही. तुम्ही ते पान पाहिलंत आणि नावं ठेवली नाहीत. एवढंच म्हणालात की हे कुठल्याही दुकानाचं असू शकतं, यात वेसावे कुठे आहे?

मग तुम्ही ओट्यावर बसलात आणि दुपारभर सासूबाईंना विचारत राहिलात. बोंबील कशात मिळतात? डोलीत. डोल म्हणजे काय? समुद्रात रोवून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं, त्याचं तोंड पाण्याच्या ओढीकडे. मग ओढ नसली तर? तर काही नाही, म्हणून उधाणाच्या दिवसांत जोर आणि भांगाला, म्हणजे ओढ कमी असते तेव्हा, बाजार थंड. सासूबाईंना वाटलं, यात सांगण्यासारखं काय, हे तर गावातल्या पोरालाही ठाऊक. तुम्ही म्हणालात, "गावाबाहेर कोणालाच ठाऊक नाही, आजी." आमची पहिली पोस्ट खरं तर तिथेच तयार झाली.

ती पोस्ट अजून पानावर आहे. सासूबाईंचे नुसते हात दिसतात. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी वलांडीच्या, म्हणजे बांबू रोवून बांधलेल्या मांडवाच्या, दोरीवर टाकायची, एक या बाजूला, एक त्या बाजूला. बोटं आपोआप चालतात, नजर तिसरीकडेच. संगीत लावू दिलं नाहीत, वाऱ्याचा आवाज राहू दिलात. खाली मी तीनच वाक्यं लिहिली: हे आमच्या वलांडीवरचे बोंबील. मीठ लावलेलं नाही. ऊन चांगलं मिळालं तर तीन-चार दिवसांत उतरतील.

गिऱ्हाइकं आली ती प्रश्न घेऊन. वास किती येतो? पार्सल ऑफिसात मागवलं तर चालेल का? डोकं काढायचं की ठेवायचं? मी उत्तरं एकेकाला पाठवत बसले होते. तुम्ही सांगितलंत, चार जणांनी एकच गोष्ट विचारली की ती पुढची पोस्ट. हे मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. बोंबील कात्रीने कसा साफ करायचा, शेपूट आणि पंख कुठे कापायचे, कोमट पाण्यात धुऊन तव्यावर किती परतायचा, हे सगळं मी माझ्याच स्वयंपाकघरात दाखवलं. सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, महाग का, यावर घासाघीस व्हायची. मग एका रीलमध्ये काट्यावर ओली कोळंबी ठेवली, सोलून वाळल्यावर तीच पुन्हा ठेवली. ढीगभर होती ती मूठभर झालेली बघितल्यावर घासाघीस खूप कमी झाली.

व्हॉट्सॲपची युक्ती इतर बायांसाठी मुद्दाम लिहिते. ब्रॉडकास्टच्या एका यादीत 256 जण बसतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून तुम्ही मला पिशवीसोबत चिठ्ठी द्यायला लावलीत: नंबर सेव्ह करा, नवा माल उतरला की कळवते. स्टेटस 24 तासांत जातं, म्हणून साफ करायची कृती आणि भाव इन्स्टाग्रामच्या हायलाइटमध्ये ठेवायला सांगितलेत. छोट्या गोष्टी आहेत, पण आम्हाला कोण सांगणार होतं?

आणि तो अवकाळी पाऊस. वलांड्या भरलेल्या होत्या, रात्रीत सगळं भिजलं. भिजलेला माल कोंबड्यांच्या खाद्याला जातो, त्याचे काय पैसे येणार? मी तुम्हाला फोन केला तो रडवेली होऊन, आणि म्हटलं आता आठवडाभर पान बंद ठेवते. तुम्ही घाई केली नाहीत. आधी सासूबाई जेवल्या का ते विचारलंत. मग म्हणालात, वाटलं तरच सांगा, पण सांगायचं तर आहे तसं सांगा, कोणाकडे दया मागू नका. मी भिजलेल्या बोंबलांचा फोटो टाकला आणि लिहिलं की हा माल विकणार नाही, पुढचा घाणा वाळायला वेळ लागेल, ज्यांनी पैसे पाठवलेत त्यांना परत देते. बहुतेकांनी उलट कळवलं, थांबतो. काहींनी परत घेतले, तेही बरोबरच होतं. पण त्या दिवसापासून लोक आमच्या शब्दावर माल घेऊ लागले, असं मला मनापासून वाटतं.

तुमची एक गोष्ट मात्र मी ऐकली नाही. रोज काहीतरी टाका असं तुमचं म्हणणं. आमचं काम भरती-ओहोटीवर चालतं ताई, रोज नवं सांगायला नसतं, आणि ओढूनताणून टाकलेलं मला पटत नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. त्या काळात मी जाळी विणणाऱ्यांचं, होडी रंगवणाऱ्यांचं थोडं थोडं टाकते, तेही त्यांना विचारून. विचारल्याशिवाय कोणाचा चेहरा टाकायचा नाही, हा नियम तुमचाच. गावातल्या बायकांनी मला जवळ केलं ते त्याच्यामुळे.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. जवळ्याची पुडी तेवढी घेतलीत, तीही भाव विचारून. हे ऋण कसं फेडू ते कळत नाही. आता मढची माझी नणंद करंदी-जवळा विकायला पान काढतेय. मी तिला भावफलक करू दिलेला नाही. तुम्ही बसायचात तशी तिच्याकडे बसते आणि विचारत राहते.

यंदाचे सोडे तुमच्यासाठी वेगळे काढून ठेवलेत, दोनदा डबल पिशवीत बांधून, मेट्रोत वास येणार नाही असे. सासूबाई रोज विचारतात, ती कधी येणार. येत्या रविवारी या, जेवायलाच या. आणि या वेळी भाव विचारू नका.

तुमची,
वेसाव्याची सुकं म्हावरं विकणारी