इंजिन खोलायच्या आधी गेज तरी लावा

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या गाड्यांच्या पुरवणीत दर आठवड्याला नवीन मॉडेलचे फोटो असतात, जुन्या गाड्यांबद्दल कोणी लिहितच नाही म्हणून हे पत्र.

आमची 1998 ची मारुती 800 आहे, कार्बोरेटरवाली, 2023 ला पासिंग करून घेतलं, आणि त्यानंतर ती ऑइल खायला लागली. हजार किलोमीटरला जवळजवळ अर्धा लिटर, आणि खाली फरशीवर एक थेंब नाही म्हणजे जळतच होतं. मेव्हण्याच्या सल्ल्याने जाड ऑइल टाकलं, दोन महिने बरं वाटलं मग परत तेच. एका गॅरेजवाल्याने सायलेन्सरमध्ये बोट फिरवलं, काळं बोट मला दाखवलं आणि म्हणाला पिस्टनच्या रिंगा गेल्या (त्या झिजल्या की खालचं ऑइल वर येऊन जळतं), सिलेंडरचं बोअरिंग करा, 28 हजार. प्लगसुद्धा काढून बघितला नाही!

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. पसरणी घाट चढताना आरशात धूर दिसायचा नाही, पण पाचगणीहून उतरताना सेकंड गिअरला पाय सोडून यायचं आणि खाली वाईत अ‍ॅक्सिलरेटर दिला की असा निळा भपका की मागचा स्कूटरवाला गायब. सकाळी पहिल्या सेलला पण तसंच, नंतर साफ. रिंगा झिजल्या असत्या तर चढावर लोड आल्यावर धूर वाढला असता ना? उतारावर थ्रॉटल बंद असतो, इंजिन आतून जोरात ओढतं आणि वॉल्व्हच्या दांड्यावरचे रबरी सील कडक झालेले असले की वरचं ऑइल गाइडमधून, म्हणजे दांडा ज्या नळीत सरकतो तिच्यातून, खाली खेचलं जातं.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी इंजिन गरम करून तिन्ही प्लग काढले, मला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला सांगितलं आणि सिलेंडरमधला दाब म्हणजे कॉम्प्रेशन मोजणारा गेज लावला, तिन्ही सिलेंडर 155-160 पीएसआय. मग प्रत्येकात चमचाभर ऑइल सोडून परत, काटा जेमतेम पाच-सातने वर. रिंगा खराब असत्या तर तो चांगलाच उडाला असता, कारण ऑइल तेवढ्यापुरतं फट बुजवतं. ऑइलचं झाकण काढून चालू इंजिनवर बघितलं, तिथेही धुराची फकफक नाही, म्हणजे रिंगांमधून गॅस खाली येत नव्हता. मग हेड न उतरवता सहाच्या सहा सील बदलले, वॉल्व्ह आत पडू नये म्हणून प्लगच्या भोकातून सिलेंडरमध्ये दोरी भरली होती (हे बघायला मी मुद्दाम थांबलो). सगळं मिळून साडेतीन हजार. अजून थोडं खाते, गाइड पण झिजलेत म्हणाले, पण हजाराला शंभर मिली म्हणजे काहीच नाही.

पीयूसीत हे कधी सापडलं नाही, अशा जुन्या पेट्रोल गाडीचं तिथे उभ्या उभ्या आयडलला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (न जळलेलं इंधन) बघतात, घाटातला धूर कोण बघणार.

माझी मागणी एवढीच, इंजिन कामाच्या एस्टिमेटवर कोरडं आणि ऑइल टाकून घेतलेलं असं दोन्ही कॉम्प्रेशन सिलेंडरवार लिहून द्यायची सक्ती गॅरेजवाल्यांवर करा. फार वेळाचं काम नाही.

– एक वाचक, वाई